गोयाचा लाल राजमा: डोमिनिकन गोड खिरीसाठी डबा की सुकी पिशवी?

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात डोमिनिकन रिपब्लिकमध्ये घरोघरी मोठ्या पातेल्यात ‘आबिचुएलास कोन दुल्से’ रटरटत असते. राजमा, नारळाचं दूध, रताळं, साखर. ‘एकादशी दुप्पट खाशी’ फक्त आपल्याकडेच नाही!

अमेरिकेत राहणाऱ्यांना हे सगळं सामान गोया कंपनीचं सहज मिळतं. कंपनी १९३६ सालची, मुख्यालय न्यू जर्सीत, त्यामुळे तिथल्या मराठी घरांच्या हाताशीच. प्रश्न एवढाच: शिजवलेल्या राजम्याचा १५.५ औंसाचा डबा घ्यावा की एक पौंडाची सुकी पिशवी? या पदार्थासाठी पिशवी, आणि तीही छोट्या लाल दाण्यांची.

कारण मसाला. सुका राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, ताज्या अडीच लिटर पाण्यात दालचिनीच्या दोन कांड्यांसह शिजवला की वास दाण्यात मुरतो आणि शिजवल्याचं पाणीही वापरता येतं. डब्यातल्या पाण्यात मीठ असतं. ते ओतून दाणे धुतले तर दाटपणा देणारा स्टार्च वाहून जातो, नाही धुतले तर खीर खारट लागते. शिवाय एका पिशवीच्या जागी साधारण चार डबे लागतात. वाटीभरच खीर करायची असेल तर मात्र डबा ठीक. मीठ कमी असलेला घ्या.

कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या आणि नंतर दहा मिनिटं मंद आच. दाणा बोटांनी दाबताच पिठासारखा फुटला पाहिजे. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका. तिथली आच कमी पडते, दाण्यातलं विषारी लेक्टिन मरत नाही आणि पोट बिघडतं. आधी दहा मिनिटं खळखळून उकळणं आवश्यक. साखरही या टप्प्यावर नाही, नाहीतर दाणे दडदडीत राहतात.

राजमा कोमट झाला की दालचिनी काढून, त्याच पाण्यासह मिक्सरमध्ये वाटा आणि गाळून घ्या. गाळायचा कंटाळा बहुतेकांना नडतो: सालं राहिली की खीर रवाळ लागते. गाळलेला रस सुमारे दोन लिटर भरावा. कमी पडला तर पाणी घाला.

आता नारळाचं दूध, ४०० मिलिचा एक डबा. इथे फसायला होतं, कारण त्याच फळीवर ‘कोको गोया’ही असतं. ते कॉकटेलसाठीचं, भरपूर साखर घातलेलं नारळाचं क्रीम आहे. ते पडलं की गोडी हाताबाहेर गेलीच. एव्हापोरेटेड दुधाचा ३५४ मिलिचा डबाही लागतो, कंडेन्स्ड नव्हे. भारतात तो मिळाला नाही तर पाऊण-एक लिटर दूध आटवून साडेतीनशे मिलि करा.

रस, दोन्ही दुधं, दीड वाटी साखर, अर्धा चमचा मीठ, फडक्यात बांधलेल्या आठ-दहा लवंगा आणि जायफळ एकत्र करून मंद आचेवर अर्धा तास. जाड बुडाचं पातेलं घ्या आणि ढवळणं सोडू नका. तळाशी लागलं की करपट वास सगळ्या पातेल्यात पसरतो, तो कशानेही जात नाही. रताळं अर्धा किलो, पांढऱ्या गराचं (तिथे ‘बाताता’), सेंटिमीटरभर फोडी वेगळ्या उकडून शेवटच्या दहा मिनिटांत घाला. केशरी रताळं लवकर विरघळतं. त्याच वेळी मूठभर बेदाणे आणि दोन चमचे लोणी. व्हॅनिला गॅस बंद केल्यावर.

पळीवर पातळ साय धरेल इतपतच घट्ट ठेवा. गार झाल्यावर ती बरीच आळते, आणि पातेल्यातच दाट झालेली दुसऱ्या दिवशी चमच्याने कापावी लागते. तसं झालंच तर दूध घालून गरम करा. वरून क्रॉसचा ठसा असलेली दुधाची छोटी बिस्किटं किंवा कसाव्याची कुरकुरीत भाकरी, ‘कासाबे’. बिस्किटं नसतील तर मारी चालतं, पण वाढतानाच ठेवा, लगेच भिजतं. काहींना ही खीर गरम आवडते, काहींना फ्रिजमधली थंडगार. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. फ्रीझरमध्ये टाकायची असेल तर रताळ्याच्या फोडी आधी काढून घ्या, वितळल्यावर त्या पाणचट होतात.