३८०० एमएएचचे सेल आणि माझे ४,७९० रुपये

सप्ताहाची कामं घेणारे, लग्नात कॉलर माइक लावणारे, सगळ्यांनी वाचा. नावाजलेल्या जपानी कंपनीचे म्हणून पांढऱ्या वेष्टनातले चार्जिंगचे पेन्सिल सेल घेतले. चारचं पाकीट ४८० रुपये, आठ पाकिटांचे ३,८४०, वर चार्जर ९५०. एकूण ४,७९० रुपये, तेही रोख, कारण "ऑनलाइन दिलेत तर जीएसटी लावावा लागेल" असं दुकानदार म्हणाला. दुकान भर बाजारातलं, जुन्या ओळखीचं. फुटपाथवरून घेतलेले नाहीत हे आधीच सांगतो, घरात मला तेच ऐकवतायत.

सेल तळहातावर आला तेव्हाच हलका लागला. त्याच कंपनीचे जुने सेल माझ्या बॅगेत होते, एकेक २७ ग्रॅमच्या आसपास भरतो. हा नंतर घरी काट्यावर टाकला, १७! दुकानात मी बोललोसुद्धा, "हलका वाटतोय हो." मान वर न करता तो म्हणाला, "नवीन टेक्नॉलॉजी आहे दादा, वजन कमी केलंय." आणि मी गप्प बसलो. वर ३८०० एमएएच छापलेलं, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा. या मापाचा निकेलचा, म्हणजे हा चार्जिंगचा सेल २७००-२८०० च्या पुढे जात नाही, त्या कंपनीचे साधे पांढरे तर २००० चेच येतात, हे मला पाठ आहे. पण गाडी नो पार्किंगमध्ये, संध्याकाळी कीर्तन, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. अशा वेळी बॅग उघडून वजनं कोण करत बसतो? ४००० च्या पुढचा आकडा छापलेलेही मिळतात म्हणे. आकडा जेवढा मोठा तेवढं लांब राहा.

कीर्तनात ट्रान्समीटरवर, म्हणजे कॉलर माइकच्या कमरेला लावायच्या डबीवर, बॅटरीच्या दांड्या भरलेल्या दिसत होत्या. महाराजांनी अभंगाचं दुसरं चरण धरलं आणि माइक बंद. टाळकऱ्यांनी चाल उचलून धरली, तोवर मी वायरचा माइक घेऊन धावलो. मंडळाने ६,००० मधून १,५०० कापले. निकेलचा सेल १.२ व्होल्टच्या आसपास बराच वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे दांड्यांवर विसंबू नका. मेनूत सेलचा प्रकार अल्कलाइन राहिला असेल तर आधी बदला. माझा बदललेला होता, तरी हे झालं.

मित्राकडच्या मोजणाऱ्या चार्जरवर सेल भरून रिकामा केला. ६१० एमएएच.

दुकानदार म्हणाला, सेलला गॅरंटी नसते. चार्जर तेवढा परत घेतो, २०० देतो. चौकीत साहेबांनी सेल बोटांत फिरवला आणि विचारलं, "पेन्सिल सेलसाठी एफआयआर?" हे दिवाणी प्रकरण आहे म्हणे. नकली मार्का लावून माल विकणं दिवाणी कधीपासून झालं? ग्राहक हेल्पलाइनवाल्यांनी तक्रार नंबर दिला, पुढे मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." कुणी काढली, काय निकाल लागला, पत्ता नाही. कंपनीला मेल केला तर विक्रेत्याशी संपर्क साधा! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, पण बिल दाखवा म्हणतात, आणि माझ्या चिठ्ठीवर वर बारीक अक्षरात 'एस्टिमेट' लिहिलंय. जीएसटीचे पैसे जाऊ द्या, पक्कं बिल घ्या. प्रामाणिकपणे कर भरणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि असला माल विकणारा रोज शटर उघडून बसतो.

पाकिटावर 'आर' ने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, तो दुकानातच बीआयएस केअर (सरकारी मानक ब्युरोच्या) ॲपमध्ये टाका. माझ्या पाकिटावरचा भलत्याच कंपनीच्या मोबाइल चार्जरचा निघाला. जुने-नवे सेल एका ट्रान्समीटरमध्ये घालू नका.

आता जो तो सुचवतोय, यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम घे. घेणार नाही. आतल्या सर्किटमुळे काही सेटमध्ये खरखर येते, आणि दांड्या शेवटपर्यंत भरलेल्या दाखवून तेही असेच अचानक बंद पडतात.