सीटची दांडी बाहेर काढली असती तर ६२,५०० रुपये वाचले असते

आकडा आधीच सांगून टाकतो. ६२,५०० रुपये. त्यात टेम्पोचे १,४००, नव्या टायरचे २,६०० आणि शेवटी सगळं उघडून बघायचे मिस्त्रीचे ७५० धरले तर ६७,२५०. एवढे मोजून मी जी सायकल ठाण्याला घरी आणली ती १९७४ सालची बियांकी, म्हणजे नावाजलेल्या इटालियन कंपनीची सायकल, नाही. नव्वदच्या दशकातली, जड लोखंडी नळ्यांची कुठलीतरी साधी रेसर आहे. वरून रंग मारलाय, स्टिकर चिकटवलेत, बस.

हे लिहायला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. रविवारी माझ्याबरोबर येऊरचा चढ चढणाऱ्यांनासुद्धा मी खरा आकडा सांगितला नव्हता. आता वाचतील.

मला सायकलीतलं काही कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. आठ वर्षं चालवतोय. चेन मी बदलतो, ब्रेकच्या वायरी मी ओढतो, चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, मी काढतो. पण माझी सायकल अ‍ॅल्युमिनियमची, दुकानातून बिल घेऊन आणलेली. पन्नास वर्षांपूर्वीची स्टीलची रोड बाईक ओळखणं हे निराळं काम आहे, आणि ते शिकूनच मी गेलो होतो. महिनाभर रात्री जागून वाचलं होतं. म्हणूनच जास्त जिव्हारी लागतं.

जाहिरात कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. घर बदलतोय, जागा नाही, खऱ्या शौकिनालाच देणार वगैरे. मी अडकलो ते काकांच्या गोष्टीत. विकणाऱ्याचे काका म्हणे मर्चंट नेव्हीत होते, १९७४ मध्ये जहाज इटलीत जेनोव्हाला लागलं तेव्हा त्यांनी ही घेतली आणि केबिनमध्ये ठेवून मुंबईला आणली. सोबत एक कृष्णधवल फोटो, एक माणूस आणि एक सायकल. कोलंबस या इटालियन कंपनीच्या नळ्या, वजन १० किलो, ‘एकही पार्ट बदललेला नाही’. हे शेवटचं वाक्य त्याने लेखी मेसेजमध्ये पाठवलंय, ते माझ्याकडे जपून आहे. मागितले ८५,०००. मी ५५,००० म्हटलं. ६२,५०० ला तुटलं. ५,००० त्याच दिवशी यूपीआयने बयाणा, उरलेले ५७,५०० सायकल ताब्यात घेताना.

१६ नोव्हेंबर, रविवार. नवी मुंबईत पाम बीच रस्त्यापासून आत एक सोसायटी, तिसरा मजला. सायकल हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली. तो फिकट निळसर हिरवा रंग, ज्याला चेलेस्ते म्हणतात, खिडकीतून ऊन पडून नुसता झळकत होता. तिथेच पहिली शंका यायला हवी होती. पन्नास वर्षं वापरलेली सायकल झळकत नाही. तिला ओरखडे असतात, केबल घासते तिथला रंग उडालेला असतो, आणि तो मूळ रंग, ओरखड्यांसकट, नव्या रंगापेक्षा जास्त किमतीचा असतो. नव्या रंगाखाली गंज आणि तडे दोन्ही लपतात. हे मी वाचलं होतं. रंगाची छटा बरोबर आहे म्हणून मात्र मी खूश झालो, आणि त्या कंपनीचा हा रंग वर्षानुवर्षं बदलत आलाय, छटेवरून काहीच सिद्ध होत नाही.

मग मी खाली बसून क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, बघितला. डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला दोन रोमन अक्षरं कोरलेली होती, ‘आर’ आणि ‘ई’. मी फोटोही काढला. विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘बॅच नंबर असतो दादा, कंपनीचा.’ शिमानो या जपानी कंपनीच्या सुट्या भागांवर अशी जोडी असते. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ‘ए’ म्हणजे १९७६, ‘बी’ म्हणजे १९७७, असं मोजत जा, ‘आर’ला १९९३ येतं. ‘ई’ म्हणजे मे. १९९३ च्या मे महिन्यात घडलेला क्रँक १९७४ मध्ये जहाजावर कसा चढेल? पार्ट नंतर बदलला असता तर ठीक होतं, जुन्या सायकलीत चालतं ते. पण ‘एकही पार्ट बदललेला नाही’ हे त्याचे शब्द होते. मला हे कोष्टक त्या दिवशी पाठ नव्हतं. फोन मात्र हातातच होता.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री उठून बसतो.

माझ्या सॅकमध्ये व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, होता. मुद्दाम नेला होता. चांगल्या, पातळ भिंतीच्या नळ्यांच्या चौकटीत सीटची दांडी साधारण २७ मिलिमीटरच्या आसपास बसते, बहुतेक वेळा २७.२. बाहेरून नळी तेवढीच, पण स्वस्त नळीची भिंत जाड, म्हणून आतली जागा कमी, आणि दांडी २५.४ किंवा २६ च्या आसपास. एवढं एक माप सगळे स्टिकर खोटे पाडतं. मी सीटच्या बोल्टला हात लावला तेवढ्यात त्याच्या आई ट्रे घेऊन बाहेर आल्या. पोहे, चहा. ‘घ्या हो, ठाण्याहून एवढ्या लांब आलात.’ त्या काकूंनी शेजारी बसून माझी चौकशी केली, मुलगी कितवीला आहे वगैरे. चहा संपला आणि तो म्हणाला, ‘सीट जाम आहे दादा, जोर लावलात तर रंग उडेल. काकांची आठवण आहे.’

ज्या घरात पोहे खाल्ले त्या घरात त्या बाईंसमोर कॅलिपर काढून त्यांच्या मुलाला खोटं ठरवायचं, हे माझ्याने झालं नाही. आई आजही म्हणते, भीड भिकेची बहीण. काकूंना काही माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण सीट जाम आहे म्हणणारा विक्रेता म्हणजे उठून निघायचं. ती खरंच जाम असली तरी निघायचं, कारण स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं अडकलेली अ‍ॅल्युमिनियमची दांडी काढताना चौकटच जाते.

ती जाम नव्हतीच. आमच्या मिस्त्रीने दुसऱ्या आठवड्यात एका हाताने फिरवून काढली. २५.४.

मग त्याने बीबी, म्हणजे क्रँकच्या आसाचं बेअरिंग, खोलायला घेतली. गिअरच्या बाजूचा कप नेहमीसारखा फिरवला, तो घट्ट होत गेला. उलटा फिरवला, सुटला. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘कितीला घेतली?’ इटालियन आट्यांत दोन्ही बाजूंचे कप एकाच दिशेने सुटतात आणि बीबीच्या नळीची रुंदी ७० मिलिमीटर असते. गिअरच्या बाजूला उलटे आटे असतात ते इंग्लिश मापात, तिथे रुंदी ६८. माझी ६८. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, काढून आत बोट घातलं. त्या काळच्या कोलंबसच्या चांगल्या चिमट्याच्या नळीत खालच्या टोकाला आतून पीळदार कंगोरे लागतात. इथे गुळगुळीत. मागचं चाक बसतं त्या खाचा ओतीव किंवा घडीव नाहीत, पत्रा कापून केलेल्या. बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्यावर सायकल टांगली तर १३ किलो ८०० ग्रॅम. यातलं वजन तरी मी त्या हॉलमध्ये एका मिनिटात करू शकलो असतो. तुम्ही जाल तेव्हा काटा न्या आणि तो काढताना लाजू नका. कोलंबसचं ते कबुतराचं स्टिकर तर कुणालाही घरपोच मिळतं, जुन्या सायकली प्रामाणिकपणे दुरुस्त करणाऱ्यांसाठी ती छापली जातात. स्टिकर बघून पैसे द्यायचे नाहीत.

किमतीचंही सांगतो, कारण तिथेही मीच चुकलो. परदेशातल्या जाहिरातींत लोकांनी मागितलेले भाव बघून मी ६२,५०० स्वस्त समजलो. मागितलेला भाव आणि खरोखर विकला गेलेला भाव यांत फार अंतर असतं. विकलं गेलेलंच बघा.

फोन केला. पहिल्यांदा त्याने उचलला, ‘काकांनी जे सांगितलं ते मी सांगितलं’ म्हणाला. त्यानंतर ब्लॉक.

आता पुढचं. आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. ते म्हणाले, व्यवहार खाडीपलीकडे झाला, तिकडे जा. कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न ठेवलेला नाही, हे मी छापून नेलेलं दाखवलं. ‘कागद आम्हाला नका दाखवू.’ तिकडे गेलो, तर पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू हातात मिळाली, म्हणजे हा सायबर गुन्हा नाही. परत तिकडे. तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘सायकल तुमच्याकडेच आहे ना? मग फसवणूक कुठली? दिवाणी मॅटर आहे.’ आणि मागे बसलेले दोघं हसले, ‘सायकलला बासष्ट हजार!’ माझ्या पगारातून साठवलेले पैसे होते ते. सायकलच्या जागी सोन्याची खोटी बांगडी असती तर कुणी हसलं असतं का? खोटं सांगून पैसे घेणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, मग वस्तू कुठलीही असो. पाच फेऱ्या, तीन रजा, आणि हातात काय, तर अर्जाची पोच. तीही मी अडून बसलो म्हणून मिळाली. तुम्ही पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. वरिष्ठांना स्पीड पोस्टने लेखी तक्रार पाठवून आज ४७ दिवस झाले. उत्तर नाही.

बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकला. खरं आहे. ग्राहक तक्रारीसाठी विचारलं तर म्हणाले, तो दुकानदार नाही, खासगी माणूस आहे; दुकानदार असेल तर ते सिद्ध तुम्ही करा. वकिलांनी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जायचे १५,००० सांगितले.

खासगी माणूस? डिसेंबरात डोंबिवलीचे एक गृहस्थ भेटले. त्यांनाही त्याच पत्त्यावर इटालियन सायकल मिळालीय, ४८,००० ला. काका, जहाज, जेनोव्हा आणि तोच कृष्णधवल फोटो. पोहेसुद्धा. दोघांचे अर्ज, दोघांचे मेसेज एकत्र जोडून मी परत ठाण्यात दिले. साहेब रजेवर होते.

सायकल गॅलरीत उभी आहे. पुरावा म्हणून तिला हात लावता येत नाही. एकाने ६,००० देऊ केले, पण तो ती पुढे काय म्हणून विकेल ते मला दिसत होतं, म्हणून नाही दिली.

परवा रात्री ती जाहिरात पुन्हा दिसली. खाते वेगळं, भिंत आणि खिडकी तीच. या वेळी रंग लाल, साल १९७२, किंमत ७८,०००. वर्णनात लिहिलंय, सीट जाम आहे.