‘१८८०’ची कालिस आणि माझे ७५,५०० पेसो

मनिलात कुणी जुनी मोरो कालिस, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो मुसलमानांची तलवार, घेणार असाल तर आधी हे वाचा. ६८,००० पेसो मी तलवारीचे दिले, वर ७,५०० ‘तज्ज्ञा’च्या दाखल्याचे. आपले लाखाच्या वर गेले, एक पेसो परत आला नाही.

मी अडाणी गिऱ्हाईक नव्हतो. साताऱ्याच्या घरी खंडेनवमीला पणजोबांची तलवार तेल लावून मीच पूजेला मांडायचो. कालिसबद्दल सहा महिने वाचत होतो. जुन्या कालिसचा गंग्या, म्हणजे मुठीलगतचा रुंद भाग, वेगळा घडवून बसवलेला असतो. साधारण १९३० नंतर तो पात्यासोबत अखंड घडवू लागले आणि सांध्याच्या जागी नुसती रेघ कोरू लागले. हे मला पाठ होतं!

दुकानात मी मोबाइलचा टॉर्च मारला. पात्याच्या दोन्ही अंगांना रेघ होती, पण पातं उभं धरलं तर कडेवर ती नव्हती. खरा सांधा कडेवरूनही आरपार जातो. मी विचारलं. दुकानदार म्हणाला, “गंजानं बुजलाय, सर. सुलू बेटांचा खारा वारा.” आणि मी मान डोलावली. तिथेच उठून बाहेर पडायला हवं होतं. पुढे म्यानावरचे शिंपले, मुठीच्या टोकाचा काकाकुव्याचा आकार, सुलूतल्या होलोच्या कुठल्याशा सरदाराची कहाणी... कहाणीला पैसे देऊ नका. कडेवर टॉर्च मारा.

‘तौसुग (म्हणजे सुलूतले मोरो), १८८०’ असा दाखला देणारा माणूस दुकानदारानंच बोलावला होता. पारखी आपला आपण शोधा. नंतर एका जाणत्या संग्राहकानं पातं हातात घेतलं आणि अर्ध्या मिनिटात खाली ठेवलं. रेघ कोरलेली, मूठ रंग देऊन जुनी केलेली.

पोलीस म्हणाले, हा ग्राहकाचा वाद, आमच्याकडे नाही. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या, दर खेपेला रजा टाकून. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी पावती दाखवली: ‘शोभेची वस्तू, १ नग’. १८८० कुठंय? मी दाखला पुढे केला. म्हणे, तो दुकानाचा नाही, एका माणसाचं मत आहे, आणि मत चुकू शकतं. मग ७,५०० कशाचे घेतले? त्यावर “वकील बघा”. एका संग्रहालयाला लिहिलं, तर आम्ही किंमत ठरवत नाही, असं उत्तर आलं. अरे, किंमत कोण विचारतंय? जुनी की नवी एवढंच सांगा! खोटं विकणाऱ्याला सगळे रस्ते मोकळे, आणि मी खिडकी-खिडकीला तीच हकिगत सांगत फिरतोय.

पावतीवर काळ, प्रकार आणि ‘खोटी निघाल्यास पैसे परत’ लिहून घ्या. लिहायला कचरला तर उठा.

परवा त्या दुकानावरून गेलो. काचेमागे दुसरी कालिस लावली आहे. चिठ्ठीवर १८८०.