संगणकाच्या छोट्या कॅबिनेटसाठी प्रोसेसर कूलर: ३७ की ७० मिमी?

आधी प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंतची उंची मोजा. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-एल९आय कूलर ३७ मिमी उंच, पंखा ९२ मिमीचा. त्याच कंपनीचा एनएच-एल१२एस ७० मिमी, पंखा १२० मिमीचा. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा ढकलतो, म्हणून शांतता हवी तर जागा असताना एल१२एसच घ्या. मात्र त्याचा पंखा कूलरच्या धातूच्या पात्यांच्या खाली बसतो, उंच रॅम अडते. एल९आय रॅमला आड येत नाही, पण ६५ वॅटपुढच्या प्रोसेसरवर त्याचा पंखा सतत घोंघावतो.

झाकणाची जाळी पंख्याला अगदी खेटली तरी घरघर वाढते. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. कूलरचे स्क्रू तिरक्या जोडीने, थोडेथोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर पेस्ट एकीकडे सरकते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग बदलायला काही सेकंदांचा विलंब ठेवा, उगाच खालीवर होणार नाही.