टेप बॅकअपसाठी झोवी सीएलआय : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागेतल्या घरी बसून मी परदेशातल्या एका मेनफ्रेमचे (मोठ्या संस्था वापरतात त्या मोठ्या संगणकाचे) टेप बॅकअप सांभाळते. आधी ३२७० एम्युलेटरवरून, म्हणजे मेनफ्रेमच्या जुन्या टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून, जॉब (मेनफ्रेमला द्यायची कामं) सोडायचे आणि स्पूल, म्हणजे जॉबचं आउटपुट, एकेक ओळ वाचायचे. आठ महिन्यांपूर्वी हे काम झोवी सीएलआयवर, म्हणजे आपल्या संगणकावरून मेनफ्रेमला कमांड द्यायच्या साधनावर, आणलं. २०१८ साली ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टखाली सुरू झालेलं हे ओपन सोर्स साधन झेडओएसएमएफशी (मेनफ्रेमवरच्या वेब सेवेशी) एचटीटीपीएसवरून बोलतं, त्यामुळे साध्या शेल स्क्रिप्टमधूनही जेसीएल (जॉबच्या सूचना ज्यात लिहितात ती भाषा) सबमिट करता येतं.

पहिले तीन आठवडे स्क्रिप्ट रोज ‘यशस्वी’ म्हणत होती. मग एकदा सहज स्पूल उघडला, तर एडीआरडीएसएसयूची (बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची) स्टेप आरसी ८ वर, म्हणजे चूक दाखवणाऱ्या रिटर्न कोडवर, संपलेली. एक डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) दुसऱ्या जॉबनं धरून ठेवला होता, म्हणून तो टेपवर गेलाच नव्हता. मागचे स्पूल काढले, तर चार रात्री हेच. माझ्या पोटात गोळा आला. दोष साधनाचा नव्हता. जॉब सबमिट झाला, एवढंच ते कळवत होतं. आउटपुटसाठी थांबायचा पर्याय लावला तरी कमांडचा एक्झिट कोड शून्यच येतो. जॉबचं काय झालं, ते उत्तरातल्या ‘रेटकोड’मध्ये असतं. आता स्क्रिप्ट उत्तर जेसनमध्ये घेते आणि ‘सीसी ००००’ (सगळं ठीक) नसेल तर मला फोनवर कळवते. ०००४ (नुसता इशारा) आला तरी मी स्पूल वाचतेच.

दुसरा धडा पावसाळ्यातला. वीज गेली, राउटर बंद पडला, वाट बघणारी स्क्रिप्ट मेली. मला वाटलं जॉबही मेला, म्हणून वीज आल्यावर पुन्हा सोडला. पण पहिला तिकडे व्यवस्थित चालू होता! एकाच नावाचे जॉब म्हणून जेईएस२ नं (मेनफ्रेमवर जॉबची रांग सांभाळणाऱ्या भागानं) दुसरा रांगेत थांबवला आणि पहिला संपल्यावर चालवला. जीडीजीत (एकाच बॅकअपच्या ओळीनं ठेवलेल्या पिढ्यांच्या संचात) एक पिढी जास्तीची झाली आणि मर्यादा भरलेली असल्यानं सर्वांत जुनी कॅटलॉगबाहेर, म्हणजे डेटासेटच्या यादीबाहेर, गेली. ती टेप स्क्रॅचमध्ये (पुन्हा वापरायच्या टेपमध्ये) जाण्याआधी सापडली. तेव्हापासून सबमिट करण्याआधी त्या नावाचा जॉब चालू आहे का, हे स्क्रिप्टच बघते.

पासवर्डचंही सांभाळा. तो बदलल्यावर लॅपटॉपवर जुनाच साठवलेला राहिला आणि स्क्रिप्ट पुन:पुन्हा प्रयत्न करत राहिली, तर रॅकएफ (मेनफ्रेमची सुरक्षा यंत्रणा) आयडी रिव्होक करतं, म्हणजे बंद करतं. आता पहिल्या नकारालाच थांबते.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे अख्खा स्पूल एका कमांडनं फोल्डरमध्ये उतरवता येतो. रिस्टोअरच्या चाचणीत रेटकोडमध्ये नुसतं ‘ॲबएंड एस८१३’ (जॉब मध्येच तुटल्याचा कोड) दिसलं. उतरवलेल्या स्पूलमध्ये ८१३-०४ सापडलं, म्हणजे टेपच्या लेबलवरचं डेटासेटचं नाव जेसीएलशी जुळत नव्हतं. जेसीएलमध्ये मी लेबलचा क्रमांक हातानं लिहिला होता, तोच चुकलेला. दहा मिनिटांत उलगडा झाला. ३२७० वर पानं सरकवत यात माझी सकाळ गेली असती.

माउंटच्या, म्हणजे टेप यंत्रात लावण्याच्या, बाबतीत मात्र साधन काही करू शकत नाही. आयईसी५०१ए (टेप लावा, असा संदेश) आला, की टेप लावायला तिथलाच माणूस लागतो. त्यानं उशीर केला, तर जॉब एस५२२ नं (वाट बघण्याची मुदत संपल्यानं) पडतो. त्यासाठी ऑपरेटरचा नंबर मी स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत कमेंट म्हणून लिहून ठेवला आहे.