विश्रामबागेतील नोकरीविषयक सल्लासेवा : कागद नीट वाचणारी माणसे

सांगलीत विश्रामबाग परिसरात एका निवृत्त कार्मिक अधिकाऱ्यांनी चालवलेली सल्लासेवा नोकरदारांनी अवश्य अनुभवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कुपवाड औद्योगिक वसाहतीतील नोकरी सोडल्यानंतर माझ्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीखच चढलेली नव्हती आणि त्यामुळे रक्कम नव्या खात्यात वर्ग होत नव्हती. साहेबांनी १२ अंकी यूएएन (भविष्य निर्वाह निधीच्या सदस्याचा कायमचा क्रमांक), पासबुक आणि राजीनाम्याची पोच एकेक करून तपासली, आणि शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटल्यावर ही तारीख सदस्याला पोर्टलवर स्वतः भरता येते हे समजावून ती माझ्याच हातून भरून घेतली.

वरिष्ठांनी तोंडी काम सांगितले की ‘आपल्या सूचनेनुसार हे काम शुक्रवारपर्यंत पूर्ण करतो’ असा दोन ओळींचा ई-मेल त्याच दिवशी पाठवावा, हा त्यांचा सल्ला मला सर्वाधिक मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे वाद न घालताही लेखी नोंद राहते. माझ्यासोबत आलेल्या भगिनींना त्यांनी कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक असल्याचे आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत लेखी द्यावी लागते, हे अत्यंत आस्थेने सांगितले.

बायोडेटाबाबतचे मार्गदर्शन मात्र जुन्या वळणाचे आहे. शनिवारी गर्दी असते, म्हणून आधी वेळ ठरवावी आणि नेमणूकपत्राची प्रत सोबत न्यावी.