अँट्रॉन ९९: काठी दणकट, सांधे जपा

अमेरिकेतल्या सीबीवाल्यांच्या (सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य लोकांचा बिनतारी रेडिओ वापरणाऱ्यांच्या) छपरांवरचा जुना ओळखीचा अँटेना: फायबरग्लासचे तीन तुकडे, उंची साधारण १७ फूट. वाऱ्यात वाकतो, सहसा मोडत नाही. दुखणं सांध्यांत. आटे सैल राहिले की पाणी शिरतं, पितळ हिरवं पडतं आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप; १ जवळ तितकं चांगलं) वाऱ्यासोबत नाचतो. म्हणून उभा करण्याआधीच सांधे हाताने घट्ट आवळून वर सेल्फ-फ्यूजिंग टेप (ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप) गुंडाळा. उन्हाने थर उडालेली जुनी काठी मात्र उघड्या हाताने धरू नका, तंतू घुसतात.

ट्यूनिंगला तळाशी दोन रिंगा. सीबीच्या पहिल्या आणि शेवटच्या चॅनलवर, म्हणजे १ आणि ४० वर, एसडब्ल्यूआर मोजा; ४० वर जास्त भरला तर अँटेना लांब पडतोय. रिंगा पाव फेरा फिरवा, पुन्हा मोजा. दोन्हीकडे १.५ च्या आत आला की पुरे. केबलवरून आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) घरात उतरतो, तेव्हा अँटेनाच्या कनेक्टरखालीच कोएक्सची (अँटेना ते रेडिओ जाणाऱ्या केबलची) वेटोळी बांधा.